सव्वापट

माझा नवरा लिफ्ट तपासतो. लिफ्ट बसवणारे वेगळे, दुरुस्त करणारे वेगळे. त्या सगळ्यांचं काम आटोपलं की हा जातो आणि लिफ्ट माणसं न्यायच्या लायकीची आहे की नाही ते ठरवतो. असेल तर एका कागदावर सही करतो. तो कागद लिफ्टमध्ये आरशाशेजारी लावतात आणि तो कुणीही वाचत नाही.

ठरवायची पद्धत अशी. लिफ्टवर ‘आठ माणसं’ असं लिहिलेलं असेल तर आठ माणसांच्या वजनाइतकी लोखंडी वजनं आत रचायची, वर त्याचा पाव भाग आणखी चढवायचा आणि लिफ्ट वर-खाली पळवून बघायची. सव्वापट ओझं घेऊन ब्रेक जागच्या जागी लागला तर पास. नाही लागला तर वजनं बाहेर, दुरुस्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून. मधूनच सुरू करायची सोय नाही. या सव्वापायी ऑफिसात त्याला सव्वासाहेब म्हणतात. ते आपली टिंगल करतात हे एक तर त्याला कळत नाही, किंवा कळतं आणि त्यात टिंगल काय आहे ते कळत नाही. घरी चार पाहुणे येणार असले की तो पाच कप मांडतो.

आम्ही राहत होतो तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने. इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर करता येतील तेवढे विनोद आमच्या ओळखीच्या लोकांनी करून झाले आहेत, तेव्हा तुम्हाला एखादा सुचला असेल तर राहू द्या.

घरात आम्ही तिघं. हा, मी आणि सासूबाई. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. सासूबाईंनी एकतीस वर्षं टपाल वाटलं. आधी खांद्यावर पिशवी, मग सायकल, शेवटी पुन्हा पिशवी, कारण सायकल चालवायला गुडघे लागतात आणि ते त्या पत्रांबरोबर दारोदार वाटून आल्या होत्या. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठायचं आणि चालायला निघायचं ही सवय सुटली नाही. कुणाच्या दाराला कुठला रंग दिला, कुणी पेटीवरचं नाव बदललं, हे सगळं त्या जेवताना सांगायच्या. मग रोज निघायच्या ते एक दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा. एका रविवारी बाहेर जायला आम्ही चपला घालत होतो तर त्या म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी आता खाली उतरत नाही.”

एवढंच म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन बसल्या. नवऱ्याने एक चप्पल घातली होती, दुसरी हातातच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने जाहीर केलं, “घर घ्यायचं. तळमजल्यावर. स्वतःचं.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू? भाड्याच्या करारात ‘भिंतीला खिळा ठोकू नये’ असं कलम होतं. सहा वर्षं आमचं भिंतीवरचं घड्याळ कपाटावर उताणं पडलेलं होतं आणि किती वाजले ते बघायला स्टुलावर चढावं लागायचं. सासूबाईंना रस्ता हवा होता आणि मला खिळा. घर एकच पुरलं असतं.

पण घर घ्यायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? माझा भाऊ म्हणाला, “घेऊन टाका, पुढचं पुढे बघू.” माझ्या भावाचं पुढचं आजवर आम्हीच बघत आलो आहोत, त्यामुळे तो सल्ला बाजूला ठेवला. मग बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी आमच्या दोघांच्या पगाराचे कागद घेतले, यंत्रावर बोटं चालवली आणि हसून सांगितलं की आम्ही पाहतोय त्याच्या दुप्पट मोठं घर आम्हाला झेपेल. त्या कागदांवर आम्ही भलतेच दणकट दिसत होतो. मी नवऱ्याकडे अभिमानाने पाहिलं. तो बाहेर आल्यावर म्हणाला, “त्या पाटीवर लिहिलेलं वजन सांगतायत. चाचणी कुठे झालीय?”

तर चाचणी अशी ठरली. घराचा जो हप्ता बसेल, त्यातून आत्ताचं भाडं वजा करायचं. जे उरेल त्यात हप्त्याचा पाव भाग मिळवायचा. ती रक्कम दर महिन्याच्या तीन तारखेला वेगळ्या खात्यात टाकायची आणि घर घेतलंच आहे असं समजून बाकीच्यात जगायचं. असे सलग बारा महिने. मध्ये कधीही त्या खात्याला हात लागला की नापास, आणि पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरुवात. बारा महिने निघाले की समजायचं, आपण तयार आहोत. त्याने वही केली, रेघा मारल्या आणि पहिल्या पानावर तारीख घालून सही केली.

खरं सांगायचं तर मला ते पटलं. उगाच हवेत बोलण्यापेक्षा हे बरं, असं मी माझ्या भावाला ठणकावून सांगितलं होतं.

पहिली चाचणी पाचव्या महिन्यात कोलमडली. नवऱ्याच्या स्कूटरचं इंजिन गेलं. दुसरी नवव्या महिन्यापर्यंत आली आणि माझ्या दाढेने दगा दिला. तीन वेळा दातांच्या डॉक्टरकडे जावं लागलं आणि तिन्ही वेळा नवरा बाहेर बाकावर इतक्या शांतपणे बसला होता की त्यापेक्षा त्याने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. घरी येताना म्हणाला, “तुझा काही दोष नाही.” दोष माझा आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

तिसरी चाचणी सुरू करतानाच त्याने एक शहाणपणा केला. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे चौघांनी धरून उतरवलं आणि चौघांनी धरून चढवलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नको, आठवड्यातून दोनदा नीट व्यायाम करून घ्या, गुडघे सुधारतील. मग व्यायामवाली यायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा वाजता. आम्ही दोघं तेव्हा कामावर. तिचे पैसे दर आठवड्याला सासूबाईंकडे देऊन ठेवायचे, त्या तिला द्यायच्या. घरखर्चाचे पैसेही त्यांच्याकडेच असायचे, सामान घरपोच येत होतं. चार महिन्यांत फरक दिसायला लागला. एके दिवशी मी कामावरून आले तर सासूबाई दुसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर एकट्या बसल्या होत्या, कठड्याला धरून आपल्या आपण एक मजला उतरलेल्या. मला म्हणाल्या, “खालच्यांनी दाराला हिरवा रंग दिलाय. भयंकर आहे.”

हे मी आवर्जून सांगते, कारण पुढे जे झालं ते त्यानंतरचं आहे.

चाचणीचे महिने पुढे सरकत होते आणि या वेळी गाडी कशी सुरळीत चालली होती! महिना संपला की सासूबाई घरखर्चातून उरलेले पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवायच्या. आधी थोडे उरायचे, मग बरेच उरायला लागले. वहीत त्याने त्याचा एक वेगळा रकाना केला आणि वर लिहिलं, ‘आईची काटकसर’. “बघ,” तो मला म्हणाला, “वाया किती जात होतं आपलं.” मीही मान डोलावली. भाजीत एवढे पैसे वाचतात कसे, असं मी विचारलं नाही. मी रोज तीस-पस्तीस माणसांना खुर्चीत बसवून, हे नीट दिसतं का, ते नीट दिसतं का, असं विचारते. घरी आल्यावर कुणाला काही विचारायचा मला कंटाळा येतो.

आठव्या महिन्यात घरही सापडलं. आमच्याच रस्त्यावर, सहा दारं सोडून. शिवणक्लासवाल्या बाईंचं. तळमजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पुढच्या खोलीत पाच मशिनी ओळीने, आणि दार थेट फुटपाथवर. मध्ये फक्त एक पायरी. बाईंना मुलाकडे राहायला जायचं होतं. टायरच्या दुकानवाला तिथे टायर ठेवायला जागा मागत होता, पण बाईंना आपल्या घराला रबराचा वास लागलेला नको होता. त्या म्हणाल्या, “तुमची ती कसली परीक्षा आहे, ती संपेपर्यंत थांबते. बाराव्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत. मग मात्र टायर.”

अकराव्या महिन्याच्या एकवीस तारखेला व्यायामवाली माझ्या दुकानात आली. जवळचं वाचताना त्रास व्हायला लागला होता. मी तिला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चौकट चढवली, काच घातली.

“वरची ओळ वाचा.”

तिने वाचली आणि विचारलं, “तुमच्या सासूबाई कशा आहेत हो? गुडघा वाकतो का आता पूर्ण?”

“तुम्हालाच माहीत. परवा शुक्रवारीच तर येऊन गेलात ना?”

“मी?” ती चौकटीतून माझ्याकडे बघायला लागली. “मला थांबून सात महिने झाले. त्यांनीच फोन केला होता. म्हणाल्या, आता बरं वाटतंय, गरज नाही. मी सांगत होते, थांबू नका, अर्धवट सोडलंत तर जेवढं कमावलं तेवढंही जाईल. तुम्हाला बोलल्या नाहीत?”

मी तिला पुढची ओळ वाचायला सांगितली. मग तिच्या चष्म्याचा नंबर काढला, कागदावर लिहिला आणि तिच्या मागच्या माणसाला उद्या यायला सांगून घरी आले.

सासूबाई खिडकीशी शेंगा सोलत होत्या. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही.

“व्यायामवाली भेटली होती.”

त्यांनी हातातली शेंग पूर्ण सोलली. “बरी आहे ना?”

“आई, सात महिने झाले!”

“ओरडू नकोस. खालच्यांना ऐकू जातं.” त्यांनी पुढची शेंग घेतली. “व्यायाम म्हणजे काय गं? पैसे देऊन दुसऱ्याकडून पाय हलवून घ्यायचे. माझे मी हलवते.”

“हलवता?”

“आठवलं की हलवते.”

“आणि तिचे पैसे?”

त्यांनी सोललेले दाणे ताटात टाकले. सांगायची गरजही नव्हती. ‘आईची काटकसर’ हा रकाना माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

“अगं, चौथ्या महिन्यात याचं ताणलं गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “आठवतं? वीज, पाणी, तुझ्या भावाचं काहीतरी. वही उघडून बसला होता तोंड पाडून. पुन्हा पहिल्यापासून करायचं म्हणजे आणखी एक वर्ष मी इथे. त्यापेक्षा म्हटलं, आठ महिने पाय नाही हलवले तर काय मरतेय? एकदा खाली राहायला गेले की रोज चालणारच आहे मी. मग ती व्यायामवाली हवी कशाला?” त्यांनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. “एक महिना राहिलाय. त्याला बोलू नकोस.”

आणि मी बोलले नाही. बारा दिवस. यात मला शाबासकी नको आहे. घर हातातोंडाशी आलं होतं आणि त्या घरात मी एक खिळा ठोकणार होते. कुठे ठोकायचा ती जागासुद्धा शिवणाच्या मशिनींच्या वर मी नजरेने नक्की केली होती. सात महिने गेलेच आहेत, आणखी बारा दिवसांनी काय होणार, असं मी स्वतःला समजावत होते. त्या ताटावरून उठताना टेबलाला धरून दोनदा झोके घेतात आणि तिसऱ्यांदा उभ्या राहतात, हे मला त्या बारा दिवसांत पहिल्यांदा दिसलं. किती महिने चाललं होतं कोण जाणे. आम्ही म्हणायचो, वय झालं.

तीन तारखेला बारावी रक्कम खात्यात गेली. नवऱ्याने वहीत शेवटची खूण केली, पेन बंद केलं, पुन्हा उघडलं आणि खाली ‘पास’ असं लिहिलं. मग तो उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडून बंद केला. इतका खुश मी त्याला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

“आई, चल,” तो म्हणाला. “आधी तू घर बघ. तू हो म्हणालीस की बाईंच्या हातावर विसार ठेवतो.”

“मी काय बघू? सहा दारं सोडून आहे. मी तिथे वीस वर्षं पत्रं टाकलीत.”

“आत कुठे गेलीस? चल. आता तर तू एक मजला सहज उतरतेस.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी चपला मागितल्या.

त्या अकरा पायऱ्या उतरल्या. मी मोजल्या, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने मी, आणि नवरा त्यांच्या पुढे उलटा उतरत, दोन्ही हात पसरून. बाराव्या पायरीला त्यांनी पाय उचलला आणि तो तसाच राहिला. पुढे जाईना, मागे येईना. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. आम्ही त्यांना उचलूनच दुसऱ्या मजल्यावर आणलं आणि हिरव्या दाराच्या शेजाऱ्यांकडून खुर्ची मागून तिच्यावर बसवलं. शेजारीणबाईंनी पाणी आणलं, खुर्ची नवीन आहे हे सांगितलं आणि दार अर्धं लावून आत उभ्या राहिल्या.

“व्यायामवालीला विचारायला हवं,” नवरा म्हणाला. “सात-आठ महिन्यांपूर्वी तू याच पायऱ्या एकटीने उतरली होतीस. ती काय म्हणते?”

सासूबाई पाण्याच्या पेल्यात बघत राहिल्या. वरच्या मजल्यावरचा एक माणूस पिठाची पिशवी घेऊन आला, आम्ही भिंतीला चिकटलो, तो ‘काय झालं’ म्हणाला, आम्ही ‘काही नाही’ म्हणालो, तो गेला.

मग मी सांगितलं. सगळं. सात महिने, रकाना, आणि माझे बारा दिवससुद्धा. बोलताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, ही माझी एक खोड आहे.

तो पायरीवर बसला. मला वाटलं, आता वही आठवत असेल, बेरीज मांडत असेल. तशी ती त्याने मांडलीच होती, पण आधी तो वेगळंच म्हणाला.

“चाचणीला आत माणूस ठेवत नाहीत.”

“काय?” सासूबाईंनी विचारलं.

“आम्ही लोखंड ठेवतो, आई. कितीही घाई असली, वजनं कमी पडली, तरी माणूस आत उभा करत नाहीत. पहिल्या दिवशी शिकवतात हे.” त्याने तळहाताने तोंड पुसलं. “पाव भाग वर चढवला होता ना मी? तो तुझ्यावर होता. सात महिने तुझ्यावर होता आणि मी खाली ‘पास’ लिहिलं.”

“मीच चढले की. तू कुठे चढवलंस?”

“मी आत बघितलं नाही.”

त्याला रडू फुटलं. जिन्यात, पायरीवर, शेजारीणबाईंच्या अर्ध्या दारासमोर. मला त्याचा राग आला होता, सासूबाईंचा आला होता आणि स्वतःचा तर इतका आला होता की काही सुचत नव्हतं. पण मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, कारण तेवढं येत होतं.

सासूबाईही रडत होत्या, पण त्यांचं कारण वेगळं होतं. “माझ्यामुळे नापास झालात,” त्या म्हणाल्या. “आणखी चार दिवस कळ काढली असती तर घर झालं असतं.”

“झालं नसतं,” नवरा म्हणाला. तो नाक ओढत होता, पण आता हिशेबाचा आवाज लागला होता. “तुझे व्यायामाचे पैसे धरले तर आपण चौथ्या महिन्यातच खाली बसलो. आपल्याला सव्वापट झेपत नाही. नुसता हप्ता जेमतेम झेपतो, आणि तोही कुणाला काही दुखलं नाही तर. आपण तयार नाही आहोत. एवढंच.”

सव्वादोन वर्षं ज्यासाठी जीव काढला होता त्याचं उत्तर आलं होतं आणि ते ‘नाही’ असं होतं.

मग मी विचारलं. हे मी फार हुशारीने विचारलं असं नाही. मला फक्त त्या खुर्चीवरच्या बाईला खाली न्यायचं होतं. मी विचारलं, “बाई घर भाड्याने देणार नाहीत का?”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी पाहिलं. अर्ध्या दारातून शेजारीणबाईंनीही पाहिलं.

या शहरात तळमजल्यावर भाड्याची घरं नव्हती असं नाही. चिक्कार होती. आमच्याच रस्त्यावर त्या सव्वादोन वर्षांत निदान चार रिकामी झाली आणि भरली. पाट्या लागलेल्या मी रोज बघत होते. पण त्या रविवारनंतर आमच्या घरात ‘खाली जाणं’ म्हणजे ‘घर घेणं’ असंच झालं होतं. गुडघ्यांचा प्रश्न एक आणि कर्जाचा दुसरा, हे वेगळं करून बघावं असं तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. लिफ्ट तपासणारा माणूस, डोळे तपासणारी बायको आणि घरोघर फिरलेली आई. हे असं व्हायला आमच्यासारखी तीन माणसं एकत्र यावी लागतात.

नवरा उठला आणि तसाच खाली गेला. पाऊण तासाने आला. तोवर सासूबाईंना बसल्या जागी शेजारीणबाईंनी चहा दिला होता आणि सासूबाईंनी दाराच्या हिरव्या रंगाबद्दल एक चकार शब्द काढला नव्हता, यावरून त्या किती खचल्या होत्या ते कळावं.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“एक वर्षासाठी देतात.” तो धापा टाकत होता. “उलट त्यांचाच जीव भांड्यात पडला. म्हणाल्या, मुलाकडे जातेय खरी, पण सुनेशी पटतंय की नाही हे कळायला वर्ष जाईल. नाही पटलं तर परत कुठे येऊ? विकायला मीच कुठे तयार होते! एक मशीन मात्र तिथेच राहणार, ती हलवायची नाही.”

“आणि टायरवाला?”

“त्याला त्यांनी नाही सांगितलं. फार आनंदाने सांगितलं.”

आठ दिवसांनी आम्ही हललो. सासूबाईंना उतरवायला नवऱ्याने त्याच्या ओळखीची दोन माणसं आणली, लिफ्टमध्ये वजनं रचणारी. त्याने आईला तिचं वजन विचारलं, मनातल्या मनात सव्वापट केलं आणि मग आमच्या चार खुर्च्यांपैकी एक निवडली. त्या माणसांनी खुर्ची उचलली आणि वाटेत एकदाही न टेकवता तिन्ही मजले उतरवली. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. सहा दारं मात्र त्या चालल्या, दोन्हीकडून आम्हाला धरून, आणि प्रत्येक दाराशी थांबून, दम लागलाय हे कळू नये म्हणून पेटीवरचं नाव वाचत.

व्यायामवाली पुन्हा यायला लागली. तिने दोन्ही गुडघे दाबून, वाकवून पाहिले आणि स्वयंपाकघरात येऊन आम्हा दोघांना सांगितलं की उजवा येईल, डावा आता पूर्ण वाकणार नाही. पूर्वी वाकला असता. नवऱ्याने ‘हो’ म्हटलं. त्याने यावर कधीही सबब सांगितली नाही, वहीला दोष दिला नाही, आणि मीही माझे बारा दिवस कुणावर ढकलले नाहीत. चाचणीच्या त्या खात्यातून आता व्यायामवालीचे पैसे जातात. घड्याळ मशीनवर उताणं आहे, कारण बाईंच्या करारातही खिळ्याचं कलम आहे.

महिन्याभराने, एका सकाळी आम्ही उठलो तर पुढचं दार सताड उघडं आणि सासूबाई घरात नाहीत. नवरा अनवाणी बाहेर धावला. त्या कुठेही गेल्या नव्हत्या. दाराबाहेर, एक पायरी उतरून, फुटपाथवर स्वयंपाकघरातलं स्टूल टाकून बसल्या होत्या. स्टूल त्यांनी स्वतः नेलं होतं. ते कसं नेलं हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

नाश्त्याला हाक मारली, त्या आल्या नाहीत. आत पंख्याखाली बसा म्हटलं, नको म्हणाल्या. मला सुटी होती, दुपारी जेवणाचं ताट मी बाहेर नेऊन दिलं. येणारी-जाणारी माणसं थांबत होती, बोलत होती. कोण कुठल्या दारात राहतं हे त्या एकेकाला विचारून पक्कं करत होत्या. ऊन कलल्यावर नवरा कामावरून आला आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसला. मी दारात उभी होते. हा काहीतरी विचारणार हे मला त्याच्या पाठीवरून कळलं, आणि काय विचारणार तेही कळलं.

“आई, आता उजवा बराच वाकतो तुझा. पुन्हा सुरू करावं का? या वेळी पाव भाग नाही. नुसता हप्ता, आणि व्यायामाचे पैसे आधी बाजूला काढून. कधीतरी घर घ्यावंच लागेल ना आपल्याला? तुला काय वाटतं?”

सासूबाई रस्त्याच्या पलीकडे बघत होत्या. तिथे एक बाई पेटीचं झाकण पुसत होती.

“तुम्ही दोघं आत बसून काय ते ठरवा,” त्या म्हणाल्या. “मी बाहेर आहे.”